तात्पुरता आरमॅन कॅटलॉग काढायचा: आधी ड्रॉप कॅटलॉग की थेट ड्रॉप युजर?

चाचणीपुरता उभा केलेला ओरॅकलचा रिकव्हरी कॅटलॉग (आरमॅन या बॅकअप साधनाच्या नोंदींचा वेगळा साठा) काढताना बरेच जण इथेच अडतात. दोन्ही वाटांनी बॅकअपच्या फायली जागेवरच राहतात. जाते ती फक्त कॅटलॉगमधली नोंद.

सुरक्षितता पाहिली तर ड्रॉप कॅटलॉग (फक्त कॅटलॉग काढणारी आरमॅनची आज्ञा) सरस. आरमॅनमधून कॅटलॉगच्या मालकाने जोडणी करून आज्ञा दिली, की खात्रीसाठी तीच आज्ञा पुन्हा मागितली जाते. चुकीच्या कॅटलॉगला जोडले गेलो असू, तर थांबायची संधी इथेच मिळते. ड्रॉप युजर कॅस्केड, म्हणजे कॅटलॉगचा मालक युजर त्याच्या सगळ्या वस्तूंसह काढणारी डेटाबेसची आज्ञा, काही विचारत नाही. त्या स्कीमात (युजरच्या मालकीच्या टेबलांच्या संचात) कुणी स्वतःची टेबले ठेवली असतील तर तीही जातात, आणि रिसायकल बिनमध्येही सापडत नाहीत.

कष्ट थेट वाटेत कमी, एकाच आज्ञेत काम. मात्र त्या युजरचे सेशन (जोडणी) चालू असेल तर ओआरए-०१९४० ही त्रुटी येऊन गाडी अडते. ड्रॉप कॅटलॉगनंतर युजर उरतोच, तो वेगळा काढावा लागतो. टेबलस्पेस (डेटा साठवायची जागा) तर दोन्हीकडे हातानेच काढायची.

काहीही निवडा, आधी कॅटलॉगमध्ये साठवलेल्या स्क्रिप्ट उतरवून घ्या. त्या कंट्रोल फाइलमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींच्या फाइलमध्ये) नसतात. बॅकअपच्या जुन्या नोंदी कंट्रोल फाइलमध्ये किमान किती दिवस टिकतील तेही पाहा. मूळ सेटिंग फक्त ७ दिवसांचे असते.

कॅटलॉगमध्ये खऱ्या डेटाबेसची नोंद असेल, तर आधी ड्रॉप कॅटलॉग, मग युजर. स्कीमात दुसरे काही नाही याची खात्री असलेल्या प्रयोगाच्या मशीनवर थेट ड्रॉप युजर चालेल.