इंजिन काम झाल्यावर "सीडीआय गेलाय" म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून सावध राहा

जुन्या स्प्लेंडरचं फुल इंजिन काम करून घेतलं, क्रँक, बोअर-पिस्टन सगळं, ९,८०० रुपये. आठवडाही झाला नाही तोच गाडी चालू व्हायची बंद, किक उलटी पायावर आदळायची, मध्येच कार्बोरेटरमधून फट्ट. परत त्याच्याकडेच नेली, इंजिन त्यानेच खोललेलं ना, दुसरीकडे कशाला नेऊ?

त्याने प्लग काढला, हेडला टेकवला, किक मारली. निळा खणखणीत करंट! आणि तोच प्लग हातात धरून हा बाबा म्हणतो, "साहेब, सीडीआय गेला." सीडीआय म्हणजे प्लगला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. अरे करंट येतोय तर सीडीआय गेला कसा? माझ्या डोळ्यांदेखत झालं हे, आठवलं की अजून डोकं फिरतं. पण चार गिऱ्हाईकं उभी, तो जन्मभर याच धंद्यात, तिथे आपण काय तोंड उघडणार! सीडीआय १,४५०, एचटी कॉइल (करंटचा दाब वाढवून प्लगला देणारी) ६५०, मॅग्नेटची (क्रँकच्या टोकावर फिरून करंट बनवणाऱ्या चाकाची) आतली कॉइल प्लेट २,३५०, मजुरी ८००. वरचे ५,२५० गेले, गाडी तश्शीच.

दुसऱ्या मेकॅनिकने मॅग्नेट काढला तर आतली चावी, म्हणजे मॅग्नेटला क्रँकवर जागच्या जागी धरणारा छोटा लोखंडी तुकडा, कापलेली. नट आवळलाच नव्हता नीट, मॅग्नेट क्रँकवर सरकलेला, म्हणून करंट यायचा पण भलत्याच वेळी. चावी १५ रुपयांची! आणि कॉइल प्लेट जुनीच, कारण ती बदलायला मॅग्नेट काढला असता तर तुटकी चावी आंधळ्यालाही दिसली असती.

टायमिंग लाइटवर (प्लगच्या करंटबरोबर चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) जाऊ नका, खूण मॅग्नेटवरच असते, तीही सोबत सरकते, लाइटमध्ये सगळं ओकेच दिसतं. प्लगच्या भोकात स्ट्रॉ घाला, मॅग्नेट हळू फिरवा, पिस्टन एकदम वर आला की मॅग्नेटवरची 'टी' खूण इंजिनच्या कव्हरवरच्या खाचेसमोर हवी.

पोलीस म्हणतात दिवाणी मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा. तिथला कारकून म्हणतो बिल आणा. बिल मागितलं तर मेकॅनिक म्हणतो १८ टक्के जीएसटी भरा मग. परत पोलिसात, तर साहेब बंदोबस्ताला! कोणी कागदसुद्धा हातात घेत नाही, मग ही ऑफिसं उघडी ठेवता कशाला? अहो, बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फीसुद्धा नाही, हे त्या कारकुनाला मी सांगायचं?

काढलेला पार्ट तिथल्या तिथे ताब्यात घ्या. माझा जुना सीडीआय मागितला तर म्हणे भंगारात गेला. चांगला चालू सीडीआय, भंगारात! कुणाच्या तरी गाडीला "नवीन" म्हणून लागला असणार.