बी ट्रेमध्ये पेरायचं की थेट वाफ्यात?

टोमॅटो, मिरची, वांगी असतील तर सरळ ट्रे घ्या, कारण या बियांना नीट उगवायला साधारण 20 ते 25 डिग्री ऊब लागते आणि वसंताच्या सुरुवातीला बाहेरची माती बऱ्याचदा गारच असते, शिवाय गोगलगायी कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करतात ते वेगळंच. फक्त बाहेर लावायच्या आधी आठवडाभर तरी रोपांना रोज थोडं थोडं ऊन-वारं दाखवा, नाहीतर पानं करपतात (नेमकं हेच सगळे विसरतात!). गाजर, मुळा मात्र थेट वाफ्यातच, ट्रेमधून काढताना मुख्य मूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. घेवडा दोन्हीकडे चालतो, पण कशाला उगाच व्याप, माती तापली की बी टोकून मोकळं व्हायचं.