जुन्या गाडीचा तळ: डांबरी थर की तेलाचा फवारा?

मालवणच्या एका स्नेह्यांना आपल्या १४ वर्षे जुन्या गाडीचा तळ पावसाळ्याआधी गंजापासून सुरक्षित करून घ्यायचा आहे. त्यासाठी रबरमिश्रित डांबरी कोटिंग करावे की तेल-मेणाचा फवारा मारावा, अशा पेचात ते पडले आहेत.

टिकाऊपणात डांबरी थर वरचढ दिसतो, कारण तो वाळून घट्ट बसतो, उडणाऱ्या खडीचा मार सोसतो आणि काही वर्षे पुन्हा हात लावावा लागत नाही. मात्र हे खरे स्वच्छ पत्र्यापुरतेच. खाली गंज शिल्लक असताना तो मारला, तर बारीक चिरेतून शिरलेले खारे पाणी तेथेच अडकते आणि वरून काळाभोर, धडधाकट दिसणारा तळ आतून पोखरला जातो. अशाच एका तळाला मी स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले, तेव्हा थर पापडासारखा सुटून आला आणि त्याच्या पाठीला तांबूस खपल्या चिकटलेल्या होत्या.

तेल जोडांच्या फटींत झिरपते, दारांखालच्या पोकळ भागांतही नळीने सोडता येते. खर्च एका वेळी कमी, पण दरवर्षीचा. शिवाय धूळ चिकटते आणि ब्रेक व रबरी बुश (चाकांजवळच्या सांध्यांतले रबरी तुकडे) झाकून घ्यावे लागतात. (सायलेन्सरवर उडालेल्या तेलाचा जळका वास येतो, तो वेगळाच.)

गंज घासून, प्राइमर मारून मगच थर देणारा कारागीर मिळत असेल आणि दरवर्षी रॅम्पवर जाणे जमणार नसेल, तर डांबरी थर घ्यावा. गंज धरलेल्या, किनाऱ्यावर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मात्र तेलच बरे. काहीही केले तरी पाणी निघण्याची भोके बुजू देऊ नयेत.