इंडियानापोलिसची सकाळ, फोंड्याची दुपार

‘द बॉब अँड टॉम शो’ हा अमेरिकेतील सकाळचा विनोदी रेडिओ कार्यक्रम मी गेले वर्षभर फोंड्याच्या घरी, बाल्कनीत बसून, दुपारी साडेतीन वाजता ऐकत आलो आहे. इंडियानापोलिस शहरात सकाळी सहाला सुरू होणारी ही चार तासांची मैफल आपल्याकडे नेमकी त्या घटकेला पोहोचते, ज्या घटकेला गोव्यातील दुकानांची शटरे ओढलेली असतात आणि घरातील वडीलधारी माणसे आडवी झालेली असतात. जत्रेच्या नाटकांत ध्वनी सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे माइकपुढे बसलेली माणसे खरोखर हसतात की हसण्याचे काम करतात, हे ओळखण्याची कानाला थोडी सवय आहे. हे परीक्षण त्या कानाने केलेले आहे.

आमच्या घरी हा कार्यक्रम स्टीलच्या रिकाम्या तांब्यात मोबाईल उभा करून ऐकला जातो. तांब्यामुळे आवाज मोठा होतो आणि थोडा घुमतो, आणि चार-पाच माणसे एकाच वेळी हसली की तो घुमारा स्वयंपाकघरापर्यंत जातो. अशाच एका दुपारी आमची मावशी बाहेर आली. ती गिरगावात वाढलेली आणि लग्न होऊन गोव्यात आलेली, त्यामुळे मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकामालेतील मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावोजी तिच्या माहेरचेच. इंग्रजी तिला फारसे कळत नाही. तिने दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, “यांच्यात टेकाडे भावोजी कोण रे?” या कार्यक्रमाबद्दल इतका अचूक प्रश्न मला सुचला नव्हता. सकाळच्या विनोदी कार्यक्रमाचा सगळा डोलारा अशा एका ठरलेल्या घरावर उभा असतो. श्रोता विनोद ऐकायला येतो हे खरे, पण आज भावोजी काय घोळ घालणार हे आधीच ठाऊक असण्याचा आनंद त्याला अधिक असतो.

हे घर बांधणारे दोघे म्हणजे बॉब केव्हॉयन आणि टॉम ग्रिसवोल्ड. त्यांची जोडी मिशिगन राज्याच्या उत्तरेकडील पेटॉस्की या तळ्याकाठच्या लहान गावातील रेडिओ केंद्रावर जमली आणि मार्च १९८३ मध्ये दोघे इंडियानापोलिसच्या डब्ल्यूएफबीक्यू या ९४.७ मेगाहर्ट्झवरील रॉक संगीताच्या केंद्रावर सकाळच्या पाळीला बसले. प्रारंभी गाणी वाजवायची आणि मधल्या जागेत बोलायचे, असा प्रकार होता. पुढे बोलणे वाढत गेले, गाणी आक्रसत गेली आणि शेवटी गाण्यांच्या केंद्रावर सकाळी चार तास जवळजवळ गाणीच नाहीत अशी स्थिती आली. बातम्या वाचायला क्रिस्टी ली आणि खेळांच्या बातम्यांना चिक मॅगी असे आणखी दोन आवाज जोडले गेले. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचेच तर चिक मॅगी हा या घराचा टेकाडे भावोजी, कारण बोलणे कुठूनही सुरू झाले तरी टोमणा फिरून त्याच्याच अंगावर येतो आणि तोही तो हौसेने झेलतो.

हा प्रकार काही या दोघांनी शोधून काढला नाही. बॉब इलियट आणि रे गोल्डिंग या बॉस्टनच्या जोडीने १९४६ पासून रेडिओवर अशीच सहज गप्पांची चेष्टा चालवली होती. १९८१ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे स्कॉट शॅनन आणि क्लीव्हलंड व्हीलर यांनी सकाळी स्टुडिओत आरडाओरडा, नकला आणि फोन यांचा जो गोंधळ घातला, त्याला ‘मॉर्निंग झू’, म्हणजे सकाळचे प्राणिसंग्रहालय, हे नाव पडले आणि त्याच्या नकला देशभर निघाल्या. एकच कार्यक्रम अनेक स्वतंत्र केंद्रांना विकण्याची पद्धत, जिला तिकडे सिंडिकेशन म्हणतात, तर त्याहूनही जुनी आहे. १९२८ मध्ये शिकागोच्या ‘एमॉस अँड अँडी’ या विनोदी मालिकेचे भाग तबकड्यांवर मुद्रित करून अन्य शहरांतील केंद्रांना पाठवले जात, आणि अमेरिकन रेडिओवरील सिंडिकेशनचा उगम बहुधा तिथेच दाखवला जातो. दोन गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची बोली रंगवून मिळवलेले ते हसू आज ऐकवत नाही, ही गोष्ट वेगळी. पण विनोदाचा माल डब्यात भरून दुसऱ्या गावी पाठवता येतो, हे व्यापाऱ्यांना कळले ते तेव्हापासून.

सकाळची वेळ मात्र बराच काळ या व्यापाराबाहेर राहिली, आणि त्याला कारण होते. सकाळी माणसाला आपल्या गावचा पाऊस, आपल्या रस्त्यावरची कोंडी आणि आपल्या शाळेची सुट्टी ऐकायची असते. हॉवर्ड स्टर्नचा न्यूयॉर्कचा सकाळचा कार्यक्रम १९८६ मध्ये फिलाडेल्फियात ऐकू येऊ लागला आणि तो तिथेही चालला, तेव्हा या समजुतीला तडा गेला. बॉब आणि टॉम जानेवारी १९९५ मध्ये देशभर विकले जाऊ लागले, आणि पुढच्याच वर्षी १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे ठेवावीत यावरची मर्यादा उठवली. त्यानंतर लहान शहरांतील केंद्रे भराभर मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली. या कंपन्यांना प्रत्येक गावी चार माणसांची सकाळची फौज पोसण्यापेक्षा उपग्रहावरून तयार हसू उतरवून घेणे स्वस्त पडत होते. भरभराटीच्या काळात हा कार्यक्रम दीडशेच्या आसपास केंद्रांवर लागत असे.

या व्यवहाराची यंत्रणा ऐकण्यासारखी आहे, अगदी शब्दशः. अनेकदा केंद्र कार्यक्रम विकणाऱ्या कंपनीला रोख पैशांऐवजी आपल्या वेळेतील काही मिनिटे देते. ती कंपनी त्या मिनिटांत राष्ट्रीय जाहिराती लावते आणि उरलेल्या रिकाम्या जागेत गावचा गाड्यांचा विक्रेता किंवा गादीवाला आपली जाहिरात देतो. त्यासाठी प्रत्येक तासाचे घड्याळ ठरलेले असते. कितव्या मिनिटाला थांबायचे आणि कितव्याला परत यायचे हे आधीच आखलेले असते, आणि थांब्याच्या वेळी एक संकेत जातो, ज्यावर दीडशे ठिकाणची यंत्रे आपापल्या जाहिराती सुरू करतात. केंद्रांची नावे निवेदकांच्या आवाजात आधी मुद्रित करून ठेवलेली असतात, म्हणून श्रोत्याला ही मंडळी आपल्याच गावातून बोलतात असे वाटत राहते. आता गंमत अशी की रंगात आलेल्या गप्पांना घड्याळ दिसत नाही. विषय भरात येतो, एक जण वाक्य अर्धे टाकून हसत सुटतो, आणि ग्रिसवोल्ड मात्र आपले पुढचे वाक्य किंचित वेगाने म्हणू लागतो. त्या वाढलेल्या वेगावरून थांबा जवळ आल्याचे मला आता कळते. आमच्या नाटकांत पडदा पाडणारा दोरीपाशी उभा राहिला की जुना नट न पाहता आपले स्वगत आवरते घेतो, त्याची आठवण येते.

कार्यक्रमाची सर्वांत मोलाची गोष्ट त्याच्या खोलीत आहे. पाहुणा म्हणून आलेला विनोदवीर आपला तयार किस्सा सांगत असतो आणि बाकीचे माइकपासून थोडे मागे सरून हसत असतात. ते हसणे दुरून येते, कोणाचे लवकर, कोणाचे उशिरा, आणि मधेच कोणाची खुर्ची करकरते. मुद्रित हशात हा विस्कळीतपणा कधीच नसतो. रंगमंचावर नावाजण्याआधी अनेक विनोदवीरांनी या टेबलाभोवती बसून आपले किस्से घासून घेतले. अमेरिकेच्या मधल्या भागातील ज्या शहरांत असे कलावंत पूर्वी फारसे पोहोचत नसत, तिथल्या नाट्यगृहांची तिकिटे या ओळखीवर खपू लागली. विडंबनगीते ही दुसरी जमेची बाजू. गिटार घेऊन दोन मिनिटांत संपणारे गाणे आणि त्याआधीची मुद्दाम केलेली खोटी गंभीर प्रस्तावना हा त्यांचा हातखंडा आहे. २००८ पासून सुमारे दोन वर्षे याच स्टुडिओत कॅमेरे लावून दूरचित्रवाणीवरही कार्यक्रम दाखवला गेला, पण टेबलाभोवती बसलेल्या माणसांकडे पाहण्यात विशेष काही नाही आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यातही नाही.

दोष सांगायला हवेत. विनोदाचा बराच भाग कमरेखालचा आहे, आणि तो द्व्यर्थाच्या पडद्याआडून येत असला तरी तासभर ऐकल्यावर तोचतोचपणा जाणवतो. अमेरिकेत सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत अश्लील समजला जाणारा मजकूर खुल्या लहरींवरून प्रसारित करता येत नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनोदवीर जॉर्ज कार्लिन यांच्या एका स्वगतावरून उद्भवलेल्या खटल्यात असे नियमन उचलून धरले होते, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इंडियानापोलिसच्या या केंद्रालाही दंडाच्या कारवाईला तोंड द्यावे लागले. घरात लहान मुले असतील तर तांब्या वापरू नये, कानात लावून ऐकावे. दुसरी अडचण संदर्भांची. मे महिन्यात मोटारींच्या ‘इंडियानापोलिस ५००’ शर्यतीची आणि हिवाळ्यात अमेरिकन फुटबॉलची चर्चा सुरू झाली की आपण पाहुण्यासारखे बसून राहतो. तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. केव्हॉयन २०१५ च्या अखेरीस निवृत्त झाले; त्याच वर्षी दोघांचा अमेरिकेच्या रेडिओ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला होता. कार्यक्रमाच्या नावात बॉब अजून आहे, पण ग्रिसवोल्डच्या घाईला अडवणारे ते संथ, पोटातून येणारे हसू नाही. जुने ध्वनिमुद्रण आणि आजचा भाग लागोपाठ ऐकले तर आजचा भाग अधिक नीटनेटका आणि थोडा कमी गमतीचा वाटतो.

गोव्यात बसून हे ऐकताना तुलना टळत नाही. आपल्याकडे रेडिओ आला तो पोर्तुगीज अमदानीत, १९४६ च्या एमिसोरा द गोवाच्या रूपाने, आणि मुक्तीनंतर त्याचे आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले. २००५ च्या धोरणानंतर खासगी एफएम वाहिन्याही आल्या. मात्र आपल्याकडे अमेरिकेसारखे खरे सिंडिकेशन रुजले नाही. २०११ च्या धोरणाने एकाच कंपनीच्या वाहिन्यांना देशभर एक कार्यक्रम जोडून लावण्याची मुभा दिली, म्हणजे विकत घेणारा आणि विकणारा एकच झाला. एका पावसाळी सकाळी फर्मागुडीच्या चढणीवर झाड आडवे पडून बसगाड्या खोळंबल्या असताना, मी अडकलेल्या बसमध्ये एक वाहिनी ऐकत होतो. तीवर दुसऱ्याच महानगरातील कोणा दुकानदाराला फोन करून फसवण्याचा तयार तुकडा वाजत होता. त्या तुकड्यात चढण नव्हती, झाड नव्हते आणि पाऊसही नव्हता. शेजारी बसलेला पदेर, पावाची पाटी पायांशी घेऊन, कंडक्टरला उद्देशून जे बोलला ते त्यापेक्षा कितीतरी सरस होते, आणि ते इथे छापता येणार नाही.

बॉब आणि टॉम यांना दीडशे गावे का मिळाली याचे उत्तर मला त्या बसमध्ये मिळाले. त्यांनी माल सगळीकडे खपावा म्हणून इंडियानापोलिस पुसून टाकले नाही. तिथली शर्यत, तिथली थंडी, तिथल्या रस्त्यांचे खड्डे त्यांनी तसेच ठेवले. अर्थात ज्या गावांनी हा कार्यक्रम लावला त्यांच्या स्वतःच्या सकाळच्या आवाजांची जागा त्याने घेतली, हेही तितकेच खरे आहे, आणि कार्यक्रमाच्या कौतुकात हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

ऐकू इच्छिणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. अमेरिकन केंद्रे ऐकवणारी काही ॲप भारतात उघडतच नाहीत. थेट ऐकायचे असेल तर हा कार्यक्रम घेणाऱ्या एखाद्या लहान केंद्राचे संकेतस्थळ शोधावे लागते, आणि आमच्याकडे वीज गेली की इंटरनेटही जाते. त्यापेक्षा मोफत पॉडकास्ट सोयीचे, कारण त्यात जाहिराती आणि खेळांच्या बातम्या ओलांडून पुढे जाता येते. पैसे भरून मिळणारे सभासदत्वही आहे, पण पूर्ण चार तास ऐकण्याचा निश्चय असल्याखेरीज त्याची गरज नाही. रोज चाळीस मिनिटे पुरेशी आहेत. नाटकात विनोदी भूमिका करणाऱ्यांनी मात्र केव्हॉयनच्या काळातील जुने भाग मिळवून ऐकावेत आणि समोरचा बोलत असताना गप्प कसे राहायचे, एवढेच त्यांतून घ्यावे.

इंडियाना राज्याचा बहुतेक भाग २००६ पर्यंत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करीत नसे, आता करतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा मागे येतात आणि कार्यक्रम आपल्याकडे साडेचारला सुरू होतो. वामकुक्षी आटोपून मावशीने चहा टाकलेला असतो, त्यामुळे मार्चपर्यंत तांब्या वापरायला घरातून कोणाची हरकत नसते.