एरोमेक्सिको कनेक्ट : १९ आसनांपासून ९९ आसनांपर्यंत

मेक्सिकोतील लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे १९९० च्या दशकातील खासगीकरणानंतर जवळजवळ संपुष्टात आली. त्यामुळे स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला मेक्सिको सिटीहून दुरांगोला जायचे असेल, तर सुमारे ९०० किलोमीटरचा बसप्रवास किंवा विमान एवढेच पर्याय उरतात. तेथील बससेवा चांगली आहे, हे आधीच सांगायला हवे. पण एवढ्या अंतरासाठी मी तरी एरोमेक्सिको कनेक्ट या प्रादेशिक विमान कंपनीचीच शिफारस करीन.

ही कंपनी १९८८ मध्ये एरोलितोराल या नावाने, मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर सुरू झाली. पुढे एरोमेक्सिको या मोठ्या विमान कंपनीने ती आपल्या पंखाखाली घेतली आणि उत्तरेकडील मॉन्तेरे हे औद्योगिक शहर तिचे मुख्य केंद्र झाले. सुरुवातीची मेट्रो जातीची विमाने १९ आसनांची होती : मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच आसन आणि छत इतके खाली की उंच माणसाला वाकूनच आत जावे लागे. त्यानंतर तीसेक आसनांची पंख्याची साब ३४० आली, मग ५० आसनांची एम्ब्रेअर १४५ ही जेट विमाने आली आणि २००७ मध्ये कंपनीचे नावही बदलून एरोमेक्सिको कनेक्ट झाले. अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही रीत मला या कंपनीच्या वाढीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण मोठे विमान अर्धे रिकामे उडवण्यापेक्षा लहान विमान दिवसातून अनेकदा उडवणे लहान शहराच्या जास्त सोयीचे असते. एम्ब्रेअर १४५ कोल्हापूरकरांना परकी नाही. घोडावत समूहाच्या स्टार एअरने आपली सेवा याच विमानांवर सुरू केली.

आता कनेक्टचा भार मुख्यतः ९९ आसनांच्या एम्ब्रेअर १९० वर आहे. साध्या वर्गात दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असल्याने मधले आसन कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि दोन तासांच्या आतबाहेरच्या प्रवासात हे सुख लहान नाही. पुढच्या काही रांगा प्रीमियर वर्गाच्या आहेत. पण इतक्या कमी वेळासाठी त्याचे जादा पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही. विमाने मोठी होत गेली, तसे प्रवाशांना लहान जेटमधील दाटीवाटीपासून सुटका मिळाली. मात्र ९९ आसने भरू न शकणाऱ्या गावांसाठी या ताफ्यात सोयीचे विमानच उरले नाही, ही या वाढीची किंमत आहे.

सुरक्षिततेचा विचार करताना ३१ जुलै २०१८ चा दिवस टाळता येत नाही. दुरांगोहून मेक्सिको सिटीकडे निघालेले कनेक्टचे उड्डाण २४३१ गारांच्या वादळात उडाले आणि धावपट्टीच्या पुढे कोसळून जळून खाक झाले. तरीही आतील सर्व १०३ जण वाचले, कारण आग पसरण्याआधी माणसे बाहेर पडू शकली. चौकशीत वाऱ्याच्या अचानक खाली आदळणाऱ्या झोताबरोबरच वैमानिक कक्षातील बेशिस्तही पुढे आली : उजव्या आसनावर प्रशिक्षणार्थी होता आणि त्याला परवानगीविना विमान हाताळू दिले होते. केवळ हवामानाला दोष देऊन हे प्रकरण मिटवता येणार नाही.

टिकाव धरण्याच्या बाबतीत मात्र मालक कंपनीचा आधार निर्णायक ठरला. जून २०२० मध्ये एरोमेक्सिकोने अमेरिकी न्यायालयात दिवाळखोरी संरक्षण मागितले, तेव्हा अर्जदारांमध्ये एरोलितोरालही, म्हणजे कनेक्टही, होती, आणि मार्च २०२२ मध्ये सगळा समूह त्यातून बाहेर पडला. असा आधार नसलेली एरोमार ही दुसरी जुनी प्रादेशिक कंपनी तीन दशकांहून अधिक काळ उडून फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्जापायी बंद झाली.

पुढे परदेशी जायचे असेल, तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्यावीत, कारण पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करणे मग कंपनीचे काम ठरते. पुएब्लासारखे शहर राजधानीपासून जेमतेम १३० किलोमीटरवर आहे. तिथे जाणाऱ्याने विमानाचा विचारही करू नये, सरळ बस पकडावी.