मिग-२१ एफएलचा कन्व्हर्जन सेट आणि गेलेले २२,१३९ रुपये

गेलेला आकडा आधीच सांगून टाकतो: २२,१३९ रुपये. कन्व्हर्जन सेटचे, म्हणजे मॉडेल विमानाच्या एका प्रकारातून दुसरा प्रकार करायच्या तयार भागांचे, ५,८००, ‘कस्टम’चे २,३४०, ‘डिपॉझिट’चे ४,००० आणि रिफंड देतो म्हणून उलटे काढून घेतलेले ९,९९९. घरी अजून पहिल्या दोनच रकमा माहीत आहेत. उरलेल्या हे वाचून कळल्या तर कळू देत. सेट विकणारा हा माणूस मोकळा आहे, नवीन गिऱ्हाईक शोधतोय, आणि विमानाचा एखादा भाग मिळावा म्हणून महिनोन्महिने वाट बघणारी माणसंच त्याला लागतात. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

माझे मामा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. १९७० साली लागले, तेव्हा तिथे मिग-२१ एफएल बनत होतं. हवाई दलाचं टाइप ७७ ते हेच. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, टीव्हीवर सगळे हळहळत होते, आणि मामा म्हणाले, “हे बायसन रे, नंतरचं सुधारलेलं. आमचं एफएल २०१३ लाच कलाईकुंड्याला थांबलं.” त्यांच्या पंच्याहत्तरीला टाइप ७७ चं मॉडेल करून द्यायचं हे मी तिथेच ठरवलं.

माझ्याकडे १:७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचा, मिग-२१ पीएफचा प्लॅस्टिक किट पडून होता. एफएल म्हणजे पीएफचंच भारतासाठी केलेलं रूप. कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, तीच, पुढच्या काचेसकट अख्खी पुढे उघडणारी. मुख्य फरक शेपटीला. माझ्या किटमधला उभा फिन अरुंद आणि ब्रेक पॅराशूटचा कप्पा पोटाखाली. एफएलला रुंद फिन आणि पॅराशूटची नळी फिनच्या बुडाशी, एग्झॉस्टच्या वर. शिवाय पोटाखाली जीपी-९ गनपॉड, आत २३ मिमीची दुनळी जीएसएच-२३ आणि २०० गोळ्या. एफएलच्या अंगात गन नव्हतीच, म्हणून हा पॉड. १२ डिसेंबर १९७१ ला ४७ स्क्वाड्रनच्या एफएलने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर विमान पाडलं ते गननेच. हे मामांनी मला इतक्यांदा सांगितलंय की पॉड नसलेलं मॉडेल त्यांच्यापुढे ठेवायची माझी छाती झाली नसती.

स्वतः का नाही केलं, असं विचारणारे भेटतात. माझा एमआयडीसीत लेथ आहे, पॉड मी अर्ध्या दिवसात काढला असता. पण फिनला दोन्ही बाजूंनी सारखा फुगवटा हवा, रडरची फट हवी, पॅनेल लाइन सरळ हवी, आणि प्लॅस्टिक शीटवर हे जमेपर्यंत वाढदिवस उलटून गेला असता. रेझिनमध्ये तयार भाग मिळतोय म्हटल्यावर कुणीही तोच घेईल.

विकणाऱ्याचा नंबर पुण्याच्या एका जुन्या मॉडेलरकडून आला. त्याने याच माणसाकडून डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चिन्हं, घेतले होते आणि ते नीट मिळाले होते. म्हणजे मी काही रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पैसे दिले नाहीत. मीही आधी ६५० रुपयांचे डेकलच मागवले. वेळेत आले, रंग चोख, हवाई दलाचं गोल चिन्ह मध्यावर. हे ६५० मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. पण लक्षात ठेवा, पहिली छोटी ऑर्डर नीट आली म्हणजे माणूस खरा ठरत नाही. ती त्याने तुमच्यावर केलेली गुंतवणूक असते.

मग सेटचं बोलणं निघालं. चेक रिपब्लिकहून आठ-दहा जणांचा माल एकत्र मागवतो, भाडं वाटून घेतो, असं म्हणाला. अस्सल मराठीत, अदबीने, प्रत्येक वाक्यात दादा. “दादा, माझे वडीलपण एअरफोर्सलाच होते. मामांसाठी आहे म्हटल्यावर मी यात एक रुपया कमावणार नाही.” साताऱ्यात घराघरातून कुणी ना कुणी फौजेत आहे. असं बोलणाऱ्यावर आम्ही संशय घेत नाही, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं.

आता तो फोटो. हे लिहिताना अजून हात थरथरतो. ५,८०० पाठवायच्या आदल्या रात्री त्याने ‘एफएल सेट लावून केलेलं मॉडेल’ म्हणून एक फोटो पाठवला. फिन रुंद, पॅराशूटची नळी जागेवर, पोटाखाली पॉड. आणि कॅनोपी बाजूला उघडलेली. पुढची काच जागेवर वेगळी, मागचा भाग कडेला कललेला. हे पीएफएम, म्हणजे पीएफच्या पुढचं मिग-२१, नाहीतर त्याच्या नंतरचं कुठलंतरी. एफएलची कॅनोपी अशी उघडूच शकत नाही. एफएलमध्ये एसके जातीची इजेक्शन सीट. इजेक्ट करताना कॅनोपीच सीटला धरून पायलटपुढे ढालीसारखी जायची, म्हणून ती अख्खी आणि पुढे उघडणारी. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. साताऱ्यात हे ओळखणारी चार माणसं असतील तर त्यातला एक मी.

मी विचारलंसुद्धा. “दादा, कॅनोपी साइडला कशी?” तो म्हणाला, “इंडियन व्हर्जनला दोन्ही टाइप होते.” हे साफ खोटं होतं आणि ज्याने एफएल हातात घेतलंय तो असं बोलणारच नाही. तिथे फोन ठेवायला हवा होता. पण माझ्या डोक्यात आलं की याने फिन दाखवायला कुठल्यातरी पीएफएमच्या किटवर सेट चढवला असेल, आणि नुसता विकणारा असल्यामुळे त्याला कॅनोपीतलं कळत नसेल. आपण सगळे हे करतो. नवीन भाग नीट बसतो का बघायला पडलेल्या किटवर टेपने चिकटवतो, फोटो काढतो. ज्याला या कामातलं काही कळत नाही तो कदाचित जास्त प्रश्न विचारत राहिला असता. मला कळत होतं म्हणून मला त्या फोटोची कारणं सुचली. सकाळी ५,८०० पाठवले.

तुम्हाला एवढंच सांगतो: फोटो विमानाशी जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. विकणाऱ्याकडे त्या सेटच्या स्प्रूचा (भाग जोडून येतात त्या चौकटीचा), पाकिटाचा, आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसकट फोटो मागा. खरा असेल तर दोन मिनिटांत पाठवेल.

पंधरवड्याने पार्सल मुंबईत कस्टमला अडकल्याचा निरोप आला, सोबत सिंहमुद्रा असलेलं पत्र, रक्कम २,३४०, आणि भरायचं कुणाच्यातरी खासगी यूपीआयवर. “आपला एजंट आहे दादा, तो भरून सोडवून घेतो.” मी भरले. आता मला लोक सांगतात की कस्टमची ड्युटी खासगी खात्यावर कधीच जात नाही, आणि कस्टमच्या पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो, तो कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या, सीबीआयसीच्या, संकेतस्थळावर तपासता येतो. बरोबर आहे. पण हे मला त्याआधी कुणी सांगितलं होतं? परदेशातून पार्सल मागवलेले माझ्या ओळखीत कितीजण आहेत?

पार्सल आलं ते साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या कुरिअरवाल्याकडे. खोक्यावर परदेशाचं एक लेबल नाही, कस्टमचा शिक्का नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता पुण्याचा आणि अर्धवट. आत झिपच्या पिशवीत मळकट राखाडी रेझिन. फिनच्या पुढच्या कडेला बुडबुडे, टोक तुटकं, पॉड वाकलेला, सेटमधली सीट तर नाहीच. व्हर्नियर लावला. फिन बुडाशी दीड मिलिमीटरने कमी. १:७२ मध्ये दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानात दहा सेंटिमीटरच्या वर. हा रीकास्ट होता. कुणाच्यातरी मूळ भागावर सिलिकॉनचा साचा, त्यातून कॉपी, त्या कॉपीवर परत साचा. रेझिन घट्ट होताना दर खेपेला थोडं आकसतं, आणि शेवटी असा भाग हातात येतो जो पुटीचे थर देऊनही विमानाच्या धडावर बसत नाही. असे भाग घासूही नका, आणि घासायचेच असतील तर मास्क लावून, पाण्यात. ती धूळ छातीत जाते.

मी फोन करून ओरडलो. तो शांत. “चुकून रिजेक्ट लॉटमधला गेला दादा. नवीन पाठवतो, फक्त जुना परत येईपर्यंत ४,००० डिपॉझिट ठेवावं लागेल, सिस्टीम आहे.” पुन्हा भरले, कारण वाढदिवस पुढच्याच आठवड्यात होता. नवीन सेट आला नाही. मग म्हणाला, सगळेच परत करतो, १२,१४०, मर्चंट खात्यातून येतील, क्यूआर पाठवतोय, व्हेरिफाय करा. स्कॅन केल्यावर पडद्यावर रक्कम आणि ‘रिफंड’ अशी टीप आली. क्यूआर बनवणारा त्यात रक्कम, टीप आधीच भरून ठेवू शकतो हे किती जणांना माहीत आहे? कारखान्यात मशीन चालू होतं, तो फोनवर सतत बोलत होता, घाई करत होता. मी पिन टाकला. ९,९९९ गेले. पैसे यायला पिन लागत नाही. ही ओळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनच्या कव्हरवर लिहून चिकटवा.

नंतरही तो फोन उचलत होता! “बँक हॉलिडे आहे, सोमवारी उलटे येतील.” हे बोलणं मला गुंतवून ठेवण्यासाठी होतं, हे १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावल्यावर कळलं. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते. मी कळवलं तोवर ती दोन खाती ओलांडून एटीएममधून निघाली होती.

आणि मग सुरू झाले हेलपाटे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “कसलं विमान?” मी सांगितलं. “म्हणजे खेळणं?” तिथे बसलेले दोघे हसले. साठीला टेकलेल्या माणसाने खेळण्यासाठी सहा हजार दिले हे त्यांना माझ्या फसवणुकीपेक्षा मोठं वाटलं. मग म्हणाले, माल आलाय ना, मग हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं, साहेब, माल परदेशातून आलाच नाही तर कस्टमचे २,३४० कशाचे? खोटं सरकारी पत्र कुणी बनवलं? ९,९९९ कुठल्या मालाचे? उत्तर मिळालं, ऑनलाइनचं आहे, सायबरला जा. सायबरला गेलो तर रक्कम विचारली आणि म्हणाले, ठाण्यात अर्ज द्या, आमच्याकडे लाखांची प्रकरणं पडलीत. माझे २२,१३९ हे माझ्या लेथवरच्या पोराच्या महिन्याच्या पगाराहून जास्त आहेत. लाखाच्या आतल्या माणसाला लुटलं तर चालतं, असा कुठे नियम आहे का?

बँकेत वेगळंच. “पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार अधिकृत.” ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचं संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे, हे मला त्या काउंटरवर वाचून दाखवलं. समोरच्या खात्याचा तपशील मागितला तर एफआयआर आणा. ठाण्यात एफआयआर मागितला तर बँकेकडून खात्याचा तपशील आणा. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बोट दाखवून जेवायला जातात आणि मी मधे फाइल घेऊन उभा. कुरिअरवाला पाठवणाऱ्याचा फोन नंबर देईना, ग्राहकाची गोपनीयता म्हणे. चोराची गोपनीयता सगळ्यांनी जपली. माझा आधार, पासबुक, फोनमधल्या घरगुती गप्पांसकट सगळं मात्र प्रत्येक टेबलावर उघडं पडलं.

एका वकील मित्राने शेवटी रस्ता दाखवला, तो तुम्हालाही उपयोगी पडेल. फसवून पैसे द्यायला लावणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये येतं आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्याने नोंदवून घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३(४) खाली तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. मी स्पीड पोस्टाने पाठवली, पोच जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगातही जाणार आहे; पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, पुण्याला जावं लागत नाही. बँकेला लेखी तक्रार दिली आहे. ३० दिवसांत धड उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तोंडी कुणाशीही बोलू नका. जे काही असेल ते कागदावर, तारखेसह, सहीशिक्क्यासह.

आणि चॅट डिलीट करू नका. माझ्या मुलाने रागाच्या भरात त्याला ब्लॉक करायला सांगितलं होतं. मी केलं नाही, म्हणून तो प्रोफाइलवर काय टाकतो ते मला दिसत होतं.

मामांना वाढदिवसाला मॉडेल मिळालं नाही. फिन मी आता शीटमधून कापतोय, पॉड लेथवर काढून झाला.

परवा कोल्हापूरच्या एका मुलाने मला एक फोटो पाठवून विचारलं, हा सेट घेऊ का? विकणाऱ्याचं नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत ६,२००. फोटो तोच. रुंद फिन, पोटाखाली पॉड, कॅनोपी बाजूला उघडलेली. हा फोटो तुमच्याकडे आला असेल तर एक रुपया पाठवू नका. नंबर, यूपीआय आणि चॅट १९३० वर द्या, आणि त्या तक्रारीचा क्रमांक मला पाठवा. मला तो माझ्या अर्जाला जोडायचा आहे.