स्लो ज्यूसर, साडेतीन स्टार (केमोच्या आधी घेतलेला, आता दीड वर्ष झालं)

आधीच सांगते, लांबलचक होणार आहे हे. हे मशीन घरात आलं तेव्हा मी बसून सगळे रिव्ह्यू वाचले होते आणि सगळीकडे आपलं "डिलिव्हरी लवकर झाली, पॅकिंग मस्त, कलर सेम" एवढंच. मला हवं होतं ते एकानेही लिहिलं नव्हतं, की घरात केमो चालू आहे तर याचा काय उपयोग होतो. म्हणून मी लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि शिवाय या किमतीतले सगळे एकाच घाटाचे असतात.

घेतला मी नाही, दिराने. माझा ब्रेस्टचा बायोप्सी रिपोर्ट मंगळवारी आला आणि शुक्रवारी खोकं दारात. साडेतेरा हजार. अशा वेळी घरच्यांना काय करू आणि काय नको होतं ना, मग माणूस काहीतरी विकत घेतो. दिराने ज्यूसर, जाऊबाईंनी तांब्याचा हंडा, मामेबहिणीने हनुमानफळाची पावडर, आणि सोसायटीतल्या एक काकू गव्हांकुराचे दोन ट्रे मातीसकट ठेवून गेल्या, "रोज सकाळी अनशापोटी एक वाटी, गाठ विरघळते बघ." ऑपरेशन होऊन गाठ बाटलीत गेली होती तोवर, पण काकूंना कोण सांगणार.

आता मशीन. साध्या मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारते, हा मारतो पन्नासच्या आसपास. आत एक जाडजूड स्क्रू असतो, तो गाजर चिरडत चिरडत पुढे ढकलतो, जाळीतून रस एका तोटीने आणि चोथा दुसऱ्या तोटीने. आवाज जवळजवळ नाहीच. हे खरंच छान आहे, केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज डोक्यात हातोडा मारल्यासारखा वाटायचा, याने कधी त्रास दिला नाही. चोथा बऱ्यापैकी कोरडा निघतो, रसाला फेस कमी. म्हणजे जे लिहिलंय ते मशीन करतं, त्यात फसवणूक काही नाही.

पहिल्या सायकलच्या (केमोच्या एका फेरीला सायकल म्हणतात) आदल्या दिवशी हे बीट-गाजर-आवळा करून मोठ्ठा ग्लास घेऊन आले, रक्त वाढतं म्हणून. प्यायले. दुसऱ्या दिवशी डे केअरला ते लाल औषध चढवलं (डॉक्सोरुबिसिन, तिथे सगळे लालवालं म्हणतात, नर्स मोठ्या सिरिंजने हळूहळू देते आणि तोंडात बर्फाचा खडा ठेवायला सांगते). घरी येऊन हौसेने अजून एक ग्लास बीट. रात्री बाथरूममध्ये बघते तर सगळं लालभडक. मी ओरडलेच, हे धावत आले, लेकीने हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची सिस्टर शांतपणे म्हणाली त्या औषधाने एक-दोन दिवस लघवी लाल होतेच, तुम्हाला कागद दिलाय त्यात लिहिलंय, आणि मग विचारलं बीट खाल्लंय का. खाल्लंय म्हटल्यावर म्हणाली मग आता औषध कुठलं आणि बीट कुठलं ते मी कसं ओळखू ताई, आणि खरंच रक्त जायला लागलं तर तुम्ही तरी कसं ओळखाल, एवढे दोन दिवस बीट नको. हे त्या मॅन्युअलमध्ये छापायला हवं खरं तर.

त्यानंतर डाएटिशियनची अपॉइंटमेंट होती. मी डायरी घेऊन गेले होते, सकाळी गव्हांकुर, अकराला गाजर, चारला डाळिंब, रात्री दुधीचा रस. तिने वाचलं आणि विचारलं, "ताई, यात जेवण कुठंय?" मग तिने जे समजावलं ते सरळ सांगते. माझं वजन 58 किलो, या काळात दिवसाला साधारण साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं कारण अंगाची झीज भरून काढायची असते. गाजराच्या मोठ्या ग्लासात असतं जेमतेम दोन ग्रॅम. एका अंड्यात सहा. आणि तो ग्लास पिऊन पोट डब्ब होतं, जी काय थोडीफार भूक असते तीही मरते. वर, उलटी थांबवायच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, चार-चार दिवस, ज्याने भोगलंय त्यालाच माहीत, आणि अशा वेळी जो चोथा पोटाला हवा असतो तोच हे मशीन काढून बाजूला टाकतं. आमच्याकडे तो चोथा कुंड्यांत जात होता. कुंड्यांना एकदम साफ होत असेल.

मी विचारलं साखर बंद करू का, सगळे म्हणतात साखरेवर कॅन्सर वाढतो. ती म्हणाली तुम्ही साखर सोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही, उपाशी तुम्ही मरता. पण त्याच दमात हेही म्हणाली की संत्र्याच्या एका ग्लासात चार-पाच चमचे साखर असतेच, नैसर्गिक म्हणून ती काही वेगळी लागत नाही शरीराला, आणि केमोसोबत स्टेरॉइड देतात त्याने शुगर आधीच चढलेली असते. तेव्हा चार संत्री सोलून खाता येतात का एका वेळी बघा, नाही ना, मग पिऊ पण नका. एक खा. पचेल, आणि पोटही साफ होईल.

गव्हांकुर तर तिने लगेच बंद करायला लावला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात, काउंट पडलेत म्हणतात ते, तेव्हा मातीत वाढलेलं कच्चं काहीही, मोड आलेली कच्ची कडधान्यं, बाहेरचा ज्यूस, कापून ठेवलेलं फळ, अर्धकच्चं अंडं, सगळं बाद. घरी धुऊन सोललेलं फळ लगेच खायचं. आणि ताप 100.4 झाला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटल. हे फ्रिजवर स्केचपेनने लिहून लावलं होतं आम्ही.

आणि इथेच या मशीनचा खरा दोष येतो, धुणं. जाळीला बारीक बारीक भोकं, त्यात गाजराचे धागे अडकतात, सोबत एक ब्रश देतात दात घासायच्या ब्रशसारखा, त्याने घासत बसायचं. दोन मिनिटांचा रस आणि बारा मिनिटांची घासाघीस. लगेच नाही धुतलं तर वाळून चिकटतं. तोटीच्या बुडाशी एक रबरी बूच असतं ते काढून आत बोट घालून बघा एकदा. मी दुसऱ्या सायकलनंतर काढलं, आत काळपट चिकट थर. मला दहाव्या दिवशी ताप आला होता आणि दोन रात्री ॲडमिट व्हावं लागलं, ज्यूसमुळेच आला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत, पण ते बूच बघितल्यावर मी मशीन खोक्यात घालून माळ्यावर टाकायला लावलं. दिराला वाईट वाटलं थोडं.

ते बूच महिनाभरातच गळायला पण लागलं होतं. कस्टमर केअरला फोन केला तर मोटरची वॉरंटी दहा वर्षं, रबराची नाही. नवीन बूच 180 रुपये आणि कुरियर 120. दहा वर्षं ऐकून मी जरा वेळ गप्पच बसले होते फोनवर. तो बिचारा हॅलो हॅलो करत राहिला.

मग खायचे काय प्रकार झाले, तर रिव्ह्यूशी संबंध नाही पण लिहिते. तोंडाला सतत लोखंडाची चव यायची, स्टीलचा चमचा लावला की ओकारी, म्हणून लेकीने लाकडी चमचा आणि काचेची वाटी काढली, फरक पडला. मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. मुगाचं धिरडं, आत किसलेलं पनीर. घट्ट शिजवलेलं अंडं, मिरपूड नाही. नाचणीची आंबील ताक घालून. दर दोन तासांनी थोडं थोडं, भूक असो नसो. आमसुलाचं सार मात्र कधीही चालायचं, त्या लोखंडी चवीला आमसूलच पुरून उरतं.

तिसऱ्या सायकलनंतर तोंड आलं. जिभेखाली फोड, पाणीसुद्धा आग आग. मीठ-सोड्याच्या गुळण्या चालू होत्या पण गिळायचं काय. तेव्हा लेक माळ्यावरून ते खोकं काढून घेऊन आली. त्यात एक भाग असतो बिनभोकाच्या जाळीचा, आम्ही पिशवीतूनही काढला नव्हता. तो लावून फ्रीझरमध्ये कडक केलेली केळी घातली, रस-चोथा काही वेगळं होत नाही, सगळं मऊसूत होऊन आइस्क्रीमसारखं पुढे येतं. त्यात तिने दूध पावडर आणि घट्ट दही कालवलं. गार, आंबट नाही, दाताने चावायचं नाही. मी बशीभर खाल्लं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोटात काहीतरी राहिलं. ज्या भागाचा फोटोही जाहिरातीत नाही त्याने मला तारलं, आणि तो धुवायला अर्धा मिनिट, भोकंच नाहीत ना. मग पपई, चिकू, उकडलेला लाल भोपळा थंड करून, सगळे प्रयोग झाले. नंतरच्या बारा आठवड्यांच्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये (हे केमोचंच दुसरं औषध) तोंड एवढं नाही आलं, हातापायाला मुंग्या मात्र आल्या, बूच काढता येईना म्हणून धुणं ह्यांच्याकडे गेलं. चांगलं धुतात.

आता ट्रीटमेंट संपून वर्ष होतंय, रोज एक लेट्रोझोल, म्हणजे हार्मोनची गोळी. त्याने सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि डी, आणि वजन सहा किलोने वाढलंय, थोडं गोळीचं थोडं माझं. आठवड्याला दीडशे मिनिटं चाला सांगितलंय, मी रोज पंचवीस मिनिटं चालते, पहिले दहा मिनिटं गुडघे शिव्या देतात मग गप्प होतात. रस पूर्ण बंद आहे. मशीन महिन्यातून दोनदा निघतं, सोलकढीसाठी. ओल्या नारळाचे तुकडे कोमट पाण्यासोबत घातले की दूध इतकं घट्ट येतं की पंचा पिळायची गरज नाही, मनगटावर जोर नाही (ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज येऊ नये म्हणून मी हे सांभाळते). फक्त कवटीकडची काळी पाठ काढून टाका, नाहीतर रंग येतो.

तर साडेतीन स्टार. एक बुचासाठी कापला, अर्धा त्या जाहिरातीसाठी, ज्यात "इम्युनिटी" लिहिलंय आणि टक्कल असलेली बाई ग्लास धरून हसतेय. कोणी पेशंटसाठी घेणार असेल तर केमो संपेपर्यंत थांबा, तेवढ्या पैशात अंडी, पनीर आणि डाएटिशियनच्या तीन-चार फेऱ्या होतात. घरात आलाच असेल तर ती बिनभोकाची जाळी शोधा, पिशवीत तळाशी असते.

काकूंच्या ट्रेमध्ये सध्या कोथिंबीर आहे, दुसऱ्यात मेथी. मेथी चांगली आलीये, शिजवून खातो.